हिरव्या खणाचं पोलकं

रेवा, चिन्मय,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, सांगलीच्या मावशीला नाही. खरं तर आजही सांगायला बसले नव्हते. रेवा, परवा तू फोनवर म्हणालीस, मी चार महिने त्या परक्या देशातल्या डोंगरात, छोट्या दवाखान्यात मदतीला जाते आहे, भाषा येत नाही, तू इतकी वर्षं हेच करतेस तर तुझा दिवस कसा जातो ते लिही. मी कागद घेतला, समास आखला — शाळेची सवय — आणि लिहायला लागले. तर सारखं हेच आडवं येऊ लागलं.

आधी तू विचारलंस ते.

सोमवारी सकाळी साताऱ्याहून एसटी, पाटणला उतरायचं, तिथून दवाखान्याची जीप घाट चढून वर नेते. गुरुवारी परत. वीस खाटा, एक डॉक्टरीणबाई, दोन नर्सेस, आणि अधूनमधून परदेशातून येणारे मदतनीस. त्यांचं इंग्रजी आणि आमच्या बायकांचं बोलणं यांच्यामध्ये मी. तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, पण दुखण्याला किती शब्द असतात ते मला इथे कळलं. कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, उसण भरते, मुंग्या येतात. मी वहीच केली. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे इंग्रजी. पुष्कळ ठिकाणी उजवी बाजू अजून कोरी आहे.

आणि हसतो किती आम्ही! लोकांना वाटतं दवाखान्यात सगळे कण्हत असतात. बाळंतिणीची सासू आली की वॉर्डात जत्राच भरते.

चार वर्षांपूर्वी इंग्रिड आली. नॉर्वेची, सत्तावीस वर्षांची, नर्स. बायकांनी आठवड्याभरात तिची इंदू केली. त्याच सुमाराला हौसाबाई दाखल झाल्या. वरच्या वाडीच्या, वयानं माझ्याहून थोड्या लहान, साखरेमुळे पायाला जखम झालेली. अंगठा जाणार असंच सगळे धरून चालले होते. इंग्रिडनं दीड महिना रोज सकाळी खाली बसून, तो पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलली. पट्टी चालू असताना दोघींच्या गप्पा व्हायच्या, अर्थात माझ्यामार्फत.

“आवं बाई, तिला इचारा, तिच्या गावाकडं म्हशी हायत का न्हाईत?”

नाहीत म्हणते.

“मग दूध कुटलं पितीया? आन् एवढी गोरी कशी गं झाली?”

इंग्रिडनं चहात साखर घ्यायची नाही असं बजावलं, तर हौसाबाई म्हणाल्या, “मग च्या कशाला म्हनायचं त्याला? काढाच द्या म्हनावं.” सगळा वॉर्ड हसला. मी भाषांतर केलं, तर इंग्रिड एकटीच सगळ्यांच्या मागून हसली, म्हणून सगळे पुन्हा हसले.

अंगठा वाचला.

आता एक सांगू? दुभाष्याकडे कोणी बघत नाही. बोलणारी तिच्याकडे बघून बोलते, ती हिच्याकडे बघून उत्तर देते, आणि मध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून नजरा जातात. तसंच असायला हवं, तेच चांगलं काम. मी हे नव्या मुलींना शिकवतेसुद्धा. पण तेव्हा — तेव्हा मी सहा वर्षं त्या दवाखान्यात येत होते. आणि जो तो आत आला की विचारायचा, इंदू कुठाय? कोणी कैऱ्या आणल्या इंदूला, कोणी नाचणीची भाकरी. मला? मला विचारायचे, इंदूला आवडली का?

मी हेवा करत होते. सत्तरी ओलांडलेली, इस्त्रीची साडी नेसणारी, वह्यांना कव्हरं घालणारी तुमची आजी एका पोरीचा हेवा करत होती.

इंग्रिड जायच्या आठवड्यात, सोमवारी, हौसाबाई पाय दाखवायला आल्या. जाताना तिचा हात धरून मला म्हणाल्या, “लेक निघालीया. रिकाम्या ओटीनं कशी धाडायची? बुधवारी दुपारच्याला वाडीवर घेऊन या तिला. समद्या बाया जमनार हायत.”

इंग्रिडनं माझ्याकडे बघितलं. काय म्हणाल्या?

मी म्हटलं, तुझा प्रवास सुखाचा होवो म्हणतात.

इतकंच. एवढं सोपं होतं ते. आणि हौसाबाईंना म्हटलं, येईल म्हणते.

का केलं मी असं? माझीही ओटी कोणी भरली नव्हती, तुमचे आजोबा गेल्यापासून तर नाहीच — हे लिहिता येईल. पण मीच सगळ्यांना सांगत फिरत होते की मला यातलं काही पटत नाही. तेव्हा ते कारण पुढे करत नाही.

बुधवारी मी एकटीच वर गेले. पंधरा-वीस बायका, नव्या साड्या, अंगणात सडा, पुरणाचा वास. मी सांगितलं, तिला काम आलं, दवाखान्यातून सोडलं नाही. एकदम सगळ्यांचे चेहरे पडले. मग हौसाबाईंनी तांदूळ, नारळ, हळकुंड आणि हिरवा खण एका फडक्यात बांधला. “तुमी पोचवा. हातात द्या तिच्या. म्हनावं, ही म्हायेरची ओटी.”

गुरुवारी पहाटे इंग्रिड आणि मी एकाच जीपमधून खाली उतरलो. गाठोडं माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या पायाशी. प्रत्येक वळणावर नारळ घरंगळून माझ्या घोट्याला लागत होता. ती मागे वळून वाडीच्या वाटेकडे बघत होती. पाटण आलं तेव्हा तिनं विचारलं, हौसाबाई रागावल्यात का माझ्यावर? निरोपाला कोणीच आलं नाही. माझं काही चुकलं का?

तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. पिशवीची चेन ओढायची, एवढंच होतं. मी म्हटलं, शेतातली कामं असतात गं त्यांना.

नारळाची वडी केली. तांदळाचा भात. खण कपाटात ठेवला, आणि दोन वर्षांनी त्याचं पोलकं शिवून घेतलं. नंतर हौसाबाईंनी विचारलं, आवडला का इंदूला? मी सांगितलं, फार आवडला.

ही झाली गोष्ट. आता गेल्या महिन्यातलं. मला पंच्याहत्तर पूर्ण झाली, हे डॉक्टरीणबाईंनी वॉर्डात फोडलं. दुपारी वाडीवरच्या बायका जीप भरून हजर! कोणी फुगे आणलेले, कोणी केक, त्यावर माझं नाव चुकीचं. गाणी झाली, फुगड्या झाल्या. हौसाबाई त्या वाचलेल्या अंगठ्यासकट फुगडी खेळल्या. मग मला खुर्चीत बसवून म्हणाल्या, “पदर करा पुढं.”

मी म्हटलं, अहो, मला कशी —

“आमच्या वाडीत आता समद्या बायकांची भरत्यात. धरा.” तांदूळ पडले, नारळ पडला, आणि वर खण. तोच हिरवा. तेच काठ.

“तवाच आनला व्हता,” त्या म्हणाल्या. “दोन घेतलं व्हतं, एक इंदूला, एक तुमाला. ती आली असती म्हंजी तिच्या संगट तुमचीबी भरली असती. ती न्हाई आली, आन् तुमी म्हनायच्या मला ह्यातलं काय पटत न्हाई. एकट्या तुमाला इचारायचा धीर न्हाई झाला. तवापासनं ट्रंकेत हाय.”

सगळ्या हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मीही हसले. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता, आणि तो मला तसाच घेता येत नव्हता.

काल मी इंग्रिडला पत्र टाकलं. वाडीवर कोण कोण जमलं होतं, अंगणात सडा होता, पुरण होतं, सगळं लिहिलं, आणि तिचा खण मीच शिवून घातला हेही. हौसाबाईंचं ते सोमवारचं वाक्य इंग्रजीत उतरवलं, या वेळी एक शब्दही न गाळता. ‘ओटी’ला शब्द सापडला नाही, तेव्हा ती काय असते ते अर्धं पान समजावलं. मंगळवारी हौसाबाई साखर तपासायला येतात. त्यांना तोंडानं सांगायचं आहे, वॉर्डात, सगळ्यांसमोर.

रेवा, तू तिथे पोचशील तेव्हा तुझ्या आणि तुझ्या पेशंटच्या मध्येही कोणीतरी बसलेली असेल. तिच्याकडेही बघत जा.

आणि दिवाळीत तू व्हिडिओवर म्हणालीस, आजी, काय सुंदर पोलकं आहे हिरवं, नवीन का? मी म्हटलं, छे गं, जुनंच आहे माझं.

ते माझं नव्हतं.

— आजी