भांडायला हिवरखेडला

या ब्लॉगवर आजवर तुम्ही माझ्यासोबत डोंगर आणि देवळं पाहिलीत. या वेळी मी भांडायला गेले होते.

माझा नवरा विलास चार महिन्यांपूर्वी गेला. झटका आला, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. तेरवीला त्याची मोठी बहीण, कुसुमताई, रडता रडता बोलून गेल्या, "आठ दिवसापासून छाती दुखून राहिली, म्हणे तो मले." म्हणजे त्यांना माहीत होतं! रोज त्याच्या शेजारी बसून जेवणाऱ्या मला नाही. नंतर लोक येत राहिले, "धीर धर" म्हणत चहा पीत राहिले. मेला तो धीर! मला ताईंना जाब विचारायचा होता.

सकाळी बडनेऱ्याहून रेल्वेने अकोला. स्टेशनबाहेर आलूबोंडा खा, पण निवू द्या. मी रागाच्या भरात जीभ भाजून घेतली. मग अकोटमार्गे हिवरखेडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. अकोटनंतर उजवीकडची खिडकी धरा, सातपुडा दिसतो.

शेजारच्या बाईने विचारलं, "कोणाकडे चालल्या?"

"नणंदेकडे."

"मंग काय, पाहुणचार हाय!"

"हाय ना. तिचाच करायचा हाय."

ती बिचारी पिशवी उचलून पुढच्या सीटवर गेली.

ताई मळ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. पाणीही न घेता मी सुरू झाले. "तुमाले माहीत होतं, तं मले काहून नाही सांगतलं? एका फोनचं काम होतं!" बरंच बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं आण घातली होती, शोभा. तिले सांगतलं तं माहं मेलेलं तोंड पाहाशीन, म्हणे. त्यानं जगावं म्हणून मी चूप राहिली व."

मला रडू आलं नाही. संताप आला, आणि आता ताईंवर नव्हता.

"हलकट!" मी ओरडले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बायांनी वळून पाहिलं.

"लबाडच होता तो लहानपणापासून," ताई म्हणाल्या. "सारे देवमाणूस म्हणतात. तूच पहिली खरं बोलली. अन् मले बी कोणी शिव्या देल्या नाही इतके दिवस. मी वाटच पाहून राहिली होती."

मग आम्ही दोघींनी धुऱ्यावर बसून त्याच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली. दुपारी ताईंनी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. मी दोन भाकरी खाल्ल्या.

घरी येऊन महिना झाला. राग गेला म्हणाल, तर नाही. पण त्याला आता वाटेकरी मिळाला, रोज फोनवर. मागच्या आठवड्यात ताई म्हणाल्या, "दोन दिवसापासून चक्कर येऊन राहिली. पोराले सांगू नको, तुले माही आण हाय."

मी फोन ठेवला आणि लगेच त्यांच्या मुलाला लावला. त्याने त्यांना त्याच दिवशी अकोल्याला नेलं. बीपी निघालं, गोळ्या सुरू झाल्या.

ताई सध्या माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. जिवंत आहेत.