फाल्गुनातलं बंड

“मॅडम, राजा पुन्हा बंड करी ऱ्हायना,” भूषण व्हिडिओ कॉलवर म्हणाला. “आणि तेच बरोबर शे. ट्रेलरमा तुम्हनं नाव बी दिधं.”

भूषण माझा जुना विद्यार्थी, शहाद्याचा. पुण्यात कॉम्प्युटर गेम बनवतो. या गेममध्ये खेळणारा अख्खं राज्य चालवतो. लढाया, तह, लग्नं, सगळं. लहान राजे त्याचे मांडलिक. म्हणजे गादी स्वतःची, पण मोठ्याचा शब्द मानायचा आणि लढाईला माणसं पाठवायची. हाक मारूनही माणसं आली नाहीत, की मांडलिकाची ‘लॉयल्टी’ घसरते. शून्यावर गेली की बंड. इतिहास तपासायचं काम माझ्याकडे. निवृत्त प्राध्यापिका, रिकामटेकडी, वर आगाऊ.

सातपुड्यातला मांडलिक दर फाल्गुनात बंड करायचा.

“हे कुठून आणलंस?”

“तुम्हना पीएच.डी.ना प्रबंधमाईन.” त्याने पानच स्क्रीनवर धरलं. तळटीपेतल्या पत्रांच्या तिथीही त्याने गेममध्ये तशाच घेतल्या होत्या.

‘डोंगरी राजे स्वभावतःच बेइमान.’ लिहिणारी बाई सव्वीस वर्षांची होती. सातपुडा तिने सारंगखेड्याहून पाहिला होता, निळा आणि लांब. मोठ्या राजाच्या दप्तरातली पत्रं वाचली. माणसं मागितली, आली नाहीत. झालं, बेइमान! तक्रार करणाऱ्याचीच साक्ष काढली आणि निकालही देऊन टाकला.

पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याला नोकरी लागली. पहिल्याच होळीला वर्ग रिकामा. मी ऐटीत घरोघर नोटिसा धाडल्या. पंधरा दिवसांनी एका मुलीचे वडील माझी नोटीस घेऊन डोंगरातून आले.

“बाई, तुमचा कागद होळीत आला. होळीत कोण कुठे जातं? आमच्याकडे गावागावची होळी वेगळ्या दिवशी. ज्याने व्रत धरलं तो खाटेवरसुद्धा बसत नाही. राजाने बोलावलं असतं तरी आलो नसतो. राजाच होळीत असायचा.”

घरी जाऊन पत्रांच्या नकला उघडल्या. सगळ्या तिथी फाल्गुनातल्या. चैत्रात माणसं हजर झाल्याची नोंदही त्यातच होती. बाईंनी तिथवर वाचलंच नव्हतं. मग प्रबंध दुरुस्त केला का? छे! डॉक्टरेट मिळाली होती ना.

हे सगळं भूषणला सांगितलं आणि बंड काढ म्हटलं.

“मॅडम, खेळनाराले वाटी, गेम बिघडना. रिलीज तोंडवर शे.”

“मग मन्हं नाव काढी टाक.”

“ट्रेलर गया ना!”

“मग गेममा होळी टाक. प्रबंध लिखनारी पोर येडी व्हती. तिन्हं ऐकशी का मन्हं?”

त्याने कपाळाला हात लावला आणि होळी टाकली. आता फाल्गुनात मांडलिक येत नाही, पण लॉयल्टीही हलत नाही. चैत्रात माणसं हजर.

गेम बाजारात आला. तक्रारी नातीने वाचून दाखवल्या. “आजी, हा म्हणतो, ऐन लढाईत राजा नाचतोय!” भूषणने घाबरून होळी बंद करायचं बटण दिलं. मी एकच अट घातली. ते बटण दाबलं की ‘इतिहास तपासणी’खालचं माझं नावही गेलं पाहिजे. कुरकुरत त्याने तेही केलं.

कुणी हुकूम मोडला असं लिहिण्याआधी तो कोणत्या तिथीला पोचला ते पाहावं. डॉक्टरेट नंतरही घेता येते.