आबा आणि पिवळा लाडू

मुलांनो, तिकडे तुम्ही कुठली हळद खाता कोण जाणे, या काळजीने आज तुमच्यासाठी पाकीट बांधायला घेतलं. सोबत आबांविषयीही लिहिते, कारण ही हळद त्यांच्यामुळे तुमच्यापर्यंत येते आहे.

तुमच्या आजोबांच्या या आतेभावाइतकं पिवळ्या रंगाला अख्ख्या जळगावात कोणी घाबरलं नसेल. चामड्याचे आणि कागदाचे रंग विकणाऱ्या दुकानात त्यांचा जन्म गेला. तिथला मेटॅनिल यलो हा विषारी पिवळा रंग काही लोक खाण्यात घालतात, हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली. खिशात पेनाच्या जागी ड्रॉपर, पिशवीत सौम्य ॲसिडची बाटली. डाळ असो, जिलबी असो, थेंब पडायचाच. गुलाबी झालं की ताट परत. हळद ॲसिडने तशीही जरा लाजते. पाणी घातल्यावर गुलाबी गेलं तर ती खरी. तेवढा वेळ आबा श्वास रोखून बसत आणि आम्हालाही बसवत. एकदा माझ्याकडच्या डाळीवर थेंब टाकून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. संशय डाळीवर आहे, तुमच्यावर नाही."

त्यांच्या नातीच्या साखरपुड्याला धुळ्याच्या देवपूरहून मुलाकडची मंडळी बुंदीचे लाडू घेऊन आली. आबांचा हात खिशाकडे गेला. सून कुजबुजली, "आबा, आज नको. जमलेलं मोडेल."

"आणि पोरीला जन्मभर असलंच खावं लागलं तर?"

न्याय म्हणून त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एकीत पाहुण्यांचा लाडू, दुसरीत आपल्या बाजूचा, त्यांनी स्वतः निवडलेल्या हलवायाचा. कोमट पाण्यात कुस्करून दोन्हींत थेंब टाकले. पाहुण्यांची वाटी पिवळीच राहिली. आबांची गुलाबी झाली. त्यांनी पाणी ओतलं, आणखी ओतलं. गुलाबी हलेना. नात रडायच्या बेतात होती.

मुलाची आई वाटीत डोकावली आणि अहिराणीत म्हणाली, "आबा, तुमना लाडू खोटा निंघना. पोर ते खरी शे ना?"

"पोर खरी आहे," आबा कसेबसे म्हणाले.

"मंग बठ्ठं बराबर शे. आते आमना लाडू खा," म्हणत, सगळं ठीकच आहे अशा थाटात त्यांनी आपला डबा पुढे केला.

आबांनी खाल्ला. वाटीतला नव्हे, डब्यातला, न तपासलेला. त्यांना असं खाताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आता त्यांचा हात कापतो, गुलाबी आणि पिवळ्यातला फरक दिसत नाही. "नात काय खाते?" एवढं मात्र रोज विचारतात.

ड्रॉपर देवपूरला आहे, नातीच्या सासूच्या मसाल्याच्या डब्याशेजारी. या पाकिटातली हळद त्या दोघींनी तपासली आहे.