तांब्याभर पाणी

रत्ना गेली त्याला आज वर्ष झालं.

आजच कॅलगरीचं घर विकून किल्ल्या दिल्या. मुद्दाम जुळवलं नाही. रिअल्टरने तारीख सांगितली, मी ओके म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच ओके म्हणतो.

रत्नाला, माझ्या बायकोला, इथलं, कॅनडातलं एकच ठिकाण आवडायचं. सगळे पर्यटक जातात ते डोंगरातलं बॅन्फ नाही. मेडिसिन हॅट शहराच्या पुढे, वाळवंटासारख्या कोरड्या माळावरचं एक ओसाड गाव.

रेल्वेने वसवलेलं. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून विहीर खणली, टाकी उभारली. मागोमाग दुकान आलं, शाळा आली.

दुष्काळात निम्मी माणसं गेली. मग डिझेल इंजिन आलं. त्याला पाणी नको, मग गाडी कशाला थांबेल?

शेवटी रूळही उचलून नेले. जवळच्या रँचवरच्या म्हाताऱ्याने हे सांगितलं, तेव्हा रत्ना डोळे पुसत होती. मला हसू आलं होतं.

ती स्टेशनमास्तरची मुलगी. मनमाड, भुसावळ, दौंड. सारख्या बदल्या. क्वार्टर सोडताना तिची आई घर झाडून, ओट्यावर तांब्याभांडं भरून ठेवायची. पुढची माणसं प्रवासातून दमून येणार म्हणून.

त्या गावात एकच घर धड उभं होतं. दर उन्हाळ्यात रत्ना तिथल्या खिडकीत तांब्या भरून ठेवायची. पुढच्या वर्षी तो कोरडा सापडायचा. पुसून पुन्हा भरायची.

"मॉम, नोबडी लिव्ह्ज हिअर," मुलगी वैतागायची.

"अगं, उंदीर पितील सगळं," मी.

"पिऊ देत की. तेही दमूनच येत असतील."

यंदा मी गेलो नाही. गाडीत बसलो होतो, पण निघालो नाही.

आज सकाळी घर रिकामं केलं. मुलीकडे बर्नाबीला राहायला चाललोय. तिच्या आईची कपाटं आवरतानासुद्धा काही वाटलं नाही. खरंच काही नाही.

शेवटी किचन पुसलं आणि बघतो तर सिंकपाशी उभा राहून मी तांब्या भरत होतो.

काउंटरवर ठेवला. वर भांडं पालथं घातलं.

रिअल्टर म्हणाली, "सर, यू फरगॉट धिस."

"नो. लीव्ह इट, प्लीज."

दारात आलो आणि मग रडू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा.

रत्ना, संध्याकाळी आपल्या घरात एक कुटुंब राहायला येतंय. दोन लहान मुलं आहेत त्यांना.

या वेळी खरंच कुणीतरी येणार आहे गं.

तुला माझी श्रद्धांजली एवढीच.