बांधावरच्या तीन सखल जागा

मी ज्या भागातून आलो तिथे वाहतं पाणी दिसलं की माणूस आधी ते अडवायला धावतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा, पावसाने कायम वाऱ्यावर सोडलेला आमचा तालुका. शाळेत असल्यापासून मी श्रमदानाला जात होतो. ओघळीत दगड रचायचे, वर मुरूम टाकायचा, त्यावर पाणी शिंपडून धुमसाने ठोकून तो घट्ट बसवायचा आणि पाऊस पडलाच तर त्यातला थेंबही गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही. या कामात माझा हात चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते येत नव्हतं म्हणून झालं नाही. येत होतं म्हणून झालं.

बोईसरला एका कारखान्यात देखभालीच्या कामावर लागलो. सुरुवातीला स्टेशनजवळच्या खोलीत राहिलो. तिथे आम्ही सातजण होतो आणि पाळ्या अशा की एकाची गादी थंड व्हायच्या आत दुसरा तीवर पडायचा. कंटाळून आमच्या भागातले आम्ही चौघे खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या गावात गेलो. एका विधवा मासेवालीच्या घराची मागची खोली रिकामी होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती आम्हा चौघांनाही एकच हाक मारायची, "ए घाटावरच्या." ज्याला हाक असेल तो ओ द्यायचा, बाकीचे गप्प बसायचे. नेमकी कोणाला हाक आहे ते आवाजावरून कळायला आम्हाला वर्ष लागलं.

गावातून कारखान्यांकडे जायला दोन वाटा. एक डांबरी रस्ता, खाडीला लांबचा वळसा घालून जाणारा. दुसरी खाडीतल्या जुन्या मातीच्या बांधावरून, सरळ, जवळजवळ निम्म्या अंतराची. बांधाच्या दोन्ही टोकांना गावाने दोन-दोन मोठे दगड उभे केले होते. त्यांच्या मधून सायकल जाई, टोपली घेतलेली बाई जाई, मोटरसायकल मात्र जात नसे. मोटरसायकलवाले त्या दगडांना आयाबहिणींवरून शिव्या देत आणि रस्त्याने जात.

बांधावर सायकलवाल्याने कसं वागायचं हेही ठरलेलं होतं. समोरून किंवा पुढे डोक्यावर ओझं असलेलं माणूस दिसलं की खाली उतरायचं, सायकल कडेला घ्यायची, ओझं पुढे गेलं की मग बसायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मावशीच्या मागून घंटी वाजवली. ती वळली नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, तशीच चालत म्हणाली, "घंटा देवलात जाऊन वाजव." मी उतरलो आणि शेवटपर्यंत तिच्या मागून सायकल ढकलत गेलो. पुढे रोजचंच झालं ते. ती पुढे, मी मागे. टोपली माझ्या कॅरियरवर ठेव असं मी बरेचदा म्हणायचो. ती म्हणायची, "सायकलवर बोंबील मोडतात."

ते खरंही होतं. उन्हाळाभर ती बोंबील, मांदेली, जवळा वाळवायची आणि पावसात, होड्या बंद असताना, ते सुकं कामगारांच्या वस्त्यांत नेऊन विकायची. ओली मासळी इतर बायकाही विकत. सुक्याला मात्र तिचं गिऱ्हाईक बांधलेलं होतं. पावसाळा हाच तिचा हंगाम, आणि बांध हाच तिचा रस्ता. शेअर रिक्षावाले सुकटीच्या वासाने टोपली घेत नसत आणि कामगारांच्या बसमध्ये तिला कोण चढू देणार?

बांध कोणा खात्याचा नव्हता. तो गाव राखत असे. दिवाळीच्या आधी, अष्टमीच्या सुमाराला भरतीला जोर नसतो, त्याला इथे भांग म्हणतात, त्या दिवशी घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर येई. प्रत्येक घराचा पंधरा-वीस पावलांचा तुकडा ठरलेला. तुकड्याच्या दोन्ही अंगांना दगड, आणि दगडावर त्या घराच्या होडीचा रंग. होडीला नवा रंग दिला की उरलेला दगडाला द्यायचा. मावशीची होडी नवरा गेल्यावर विकली गेली होती, पण तिच्या तुकड्याच्या दगडांवर अजून तोच निळा रंग होता. तो कुठून आणायची कोण जाणे. तिचा तुकडा ती स्वतः करायची. गावात राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही चौघांनी तिची घमेली उचलली आणि तेवढ्यावर आपण आता बांधाचे राखणदार झालो असं समजलो.

या बांधावर तीन जागा सखल होत्या. तिथे माती नव्हती, चपटे दगड बसवलेले होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी या तीन जागांवरून आत शिरे आणि ओहोटीला तिथूनच परत जाई. पावसात आतल्या शेतांचं पाणीही तिथूनच बाहेर पडे. महिन्यातले चार-सहा दिवस तिथे गुडघाभर पाणी असायचं. मग सायकल खांद्यावर घ्या, नाहीतर पाणी उतरेपर्यंत उभे राहा. कोळी माणसं खुशाल उभी राहत, गप्पा मारत. आम्ही घड्याळ बघत कुढत बसायचो. गेटवरचा माणूस उशिराला उधाण हे कारण मानत नसे.

"एवढा चांगला बांध आणि तीन ठिकाणी खड्डे ठेवलेत," आमच्यातला एकजण म्हणाला. मीही तेच म्हणत होतो. इतकी वर्षं गावाला हे सुचू नये याची मला थोडी कीव यायची. कीव हाच शब्द बरोबर आहे.

गावात आम्हाला चौथं वर्ष होतं तेव्हा, जून महिन्यात शेवटच्या मुहूर्ताचं लग्न निघालं आणि सगळं गाव शेजारच्या गावी हळदीला गेलं. इथे हळदीला जायचं म्हणजे पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळी जातात आणि दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात परततात. आम्हाला साप्ताहिक सुट्टी होती. मी म्हटलं, गाव परत येईपर्यंत करून टाकू. तेवढीच आपल्याकडून भेट. कारखान्याच्या आवाराबाहेर मुरमाचा ढीग कित्येक महिने पडून होता, तो आम्ही मागून घेतला. एक छोटा टेम्पो मिळाला. बांधाच्या टोकापर्यंत टेम्पो, तिथून घमेल्याने. पाऊस चार दिवस पडून थांबला होता, माती ओली होती, म्हणजे आमच्या दृष्टीने उत्तम. थर टाकला की धुमस, पुन्हा थर, पुन्हा धुमस. दुपार कलली तेव्हा तिन्ही जागा बांधाच्या पातळीला आल्या होत्या. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न उतरता सायकल चालवत गेलो आणि परत आलो. खरं सांगायचं तर त्या दिवसाइतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

गाव आलं. हळदीने पिवळी झालेली माणसं बांधाच्या तोंडाशी थांबली. गावचा पाटील, म्हणजे बांधाच्या दिवशी ज्याचा शब्द चालतो तो म्हातारा, पहिल्या सखल जागेवर येऊन उभा राहिला. त्याने टाचेने मुरूम दाबून पाहिला.

"कुनी भरलं?"

"आम्ही," मी म्हणालो. अजून माझ्या तोंडावर हसू होतं.

"कुनाला इचारून?"

मी मावशीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आभाळाकडे बघत होती. "उंद्या अवस हाय," ती पाटलाला म्हणाली. अमावास्या, म्हणजे उधाण.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. गावातली वीस-पंचवीस माणसं पहारी घेऊन भरलेलं उकरायला आली, आम्हीही रजा टाकून गेलो. काम मात्र पक्कं झालं होतं. पहार मारली की टणकन आवाज येई आणि मूठभर मुरूम निघे. "चांगला ठोकलाय," एकजण म्हणाला, त्यात टोमणा नव्हता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. दुपारच्या भरतीपर्यंत एकच जागा अर्धीमुर्धी उघडली. आतून शेतांचं पाणी फुगत आलं, बाहेरून उधाण. पाटलाने सगळ्यांना बांधावरून खाली बोलावलं. थोड्या वेळाने आम्ही भरलेल्या मधल्या जागेच्या शेजारी बांध खचला. भरलेला भाग तसाच उभा राहिला आणि त्याच्या बाजूची जुनी माती वाहून गेली. जो तुकडा गेला त्याच्या दगडांवर निळा रंग होता.

कोणी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाटील एवढंच म्हणाला, "आता पावसात कायबी होनार नाय. भांगेला बगू, पाऊस गेल्यावर."

पाऊस गेल्यावर म्हणजे चार महिन्यांनी. आमचं काय, आम्ही सायकली डांबरी रस्त्याने मारू लागलो, अर्धा तास आधी निघू लागलो. मावशीचा हंगाम मात्र सुरू झाला होता. घरात पोती भरून सुकं पडलेलं, आणि पावसाच्या हवेत ते फार दिवस टिकत नाही. ती रस्त्याने चालू लागली. दुप्पट अंतर, डोक्यावर प्लास्टिक गुंडाळलेली टोपली, बाजूने टँकर चिखल उडवत जाणारे. मी एकदा तिच्यापाशी सायकल थांबवली. म्हटलं, "मावशी, टोपली दे. हळू नेतो."

"सायकलवर बोंबील मोडतात."

इतकी वर्षं ती हेच म्हणत आली होती. पण आता त्यामागे बोंबीलच होते की मी होतो, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ती पुढे गेली. मी सवयीने खाली उतरून सायकल ढकलत मागून चालू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "जा रे तू. तुला उशीर होल." मी सायकलवर बसलो आणि गेलो. हे मला अजून पटत नाही, पण मी गेलो.

गणपतीच्या सुमाराला तिचा उजवा गुडघा सुजला. आधी तेल, मग पाला, मग पालघरला जाऊन इंजेक्शन. डॉक्टरने ओझं बंद करायला सांगितलं. तिने आठ दिवस बंद केलं, पुन्हा निघाली, आणि रस्त्यावरच्या पहिल्या चढालाच टोपली उतरवून बसली. उरलेलं सुकं तिने शेजारणीला देऊन टाकलं. त्यानंतर ती सकाळी ओट्यावर बसू लागली. अपराधी वाटणं म्हणजे काय ते मी त्या ओट्यासमोरून रोज सायकल काढताना शिकलो.

दिवाळीआधीची भांग आली. आम्ही चौघे बांधावर गेलो आणि टोकाच्या दगडांपाशी थांबलो. आत जायचं की नाही ते कळेना. पाटलाने लांबून हात केला. दोन दिवस सगळं गाव राबलं. ज्यांचे तुकडे धड होते तेही आले. खचलेला भाग भरून झाल्यावर पाटील मला मधल्या सखल जागेपाशी घेऊन गेला. आमचा मुरूम खणून काढलेला होता, खाली जुने चपटे दगड पुन्हा दिसत होते.

"ही तुमची," तो म्हणाला. "भरायची नाय. उपसायची. गाल साचला का काडायचा, दगड हलला का बसवायचा. दर साली."

आम्ही होडीवाले नव्हतो, त्यामुळे रंग कुठला द्यायचा हा प्रश्न आला. मी मशिनीच्या पाइपांना लावायचा पिवळा रंग आणला. पाटील बघून हसला.

बांध चालू झाला. पहिल्या दिवशी बायका टोपल्या घेऊन निघाल्या. मी मधल्या जागेपाशी सायकल आडवी टाकून कडेचा गाळ काढत होतो. मनात धरून बसलो होतो की आज ती येईल. औषधाने बरं होतं माणसाला. आठ-दहा बायका गेल्या. सगळ्यांत शेवटी, बऱ्याच वेळाने, ती आली. हातात काठी होती. डोक्यावर काही नव्हतं, चुंबळही नाही.

मी उभा राहिलो. तिने मला बाजूला व्हायची खूण केली. काठी टेकवत ती दगडांवर उतरली, एकेका दगडावर पाय ठेवून थोडं वजन टाकत. चौथ्या दगडावर थांबली.

"ह्यो हलतो."

मी खाली बसलो, दगड उचलला, खालची वाळू सारखी केली, पुन्हा बसवला, हाताने दाबला. तिने परत पाय ठेवला. मग दुसरा पाय. मग ती तशीच पुढे गेली, सखल जागा ओलांडून पलीकडे बांधावर चढली आणि दोन-चार पावलं चालून थांबली. समोर कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. थोडा वेळ ती त्या दिशेला तोंड करून उभी राहिली, मग वळली आणि त्याच दगडांवरून परत गावाकडे निघाली.

तिला पलीकडे काही काम नव्हतं. मी सायकल कडेला घेऊन उभा राहिलो, ती पुढे जाईपर्यंत.