जप्त घोंगडं

आमच्याकडे पोलीस आले की आधी चहा पितात. मंत्री तालुक्यात येणार असले की आदल्या दुपारी जीप दारात उभी राहते, माझ्या धाकट्या भावाला न्यायला. आई चहा टाकते. हवालदाराला मधुमेह आहे, त्याचा कप बिनसाखरेचा, हे तिला आता सांगावं लागत नाही. तोवर भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून तयार असतो. मंत्री गेले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडतात. याला म्हणे प्रतिबंधात्मक कारवाई म्हणतात. माझ्याकडे याच्यासाठी दुसरा शब्द आहे, पण तो छापता येणार नाही.

मी लग्न होऊन माधवनगरला आले, शिकवण्या घेते. माहेर सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरड्या माळावर. वडील आयुष्यभर मेंढरांमागं फिरले. गावाच्या ज्या गायरानावर ती मेंढरं चरायची, ते सरकारने एका सौर प्रकल्पाला दिलं आणि भोवती तारेचं कुंपण पडलं. भाऊ गावातल्या पोरांना घेऊन तहसील कचेरीसमोर बसू लागला. त्याने कधी कुणावर खडा उचलला नाही. तोंड मात्र चालवतो, ते आमच्या घराण्यातच आहे.

या वर्षी त्याला तडीपारीची नोटीस आली. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांतून बाहेर का काढू नये, असं विचारलं होतं. साताऱ्याशी त्याच्या भांडणाचा काय संबंध, ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं. दिवाळी झाली की आमची मेंढरं पाटणच्या बाजूला चरायला जातात. लिहिणाऱ्याला आमची वाट नेमकी ठाऊक होती. वडिलांचे गुडघे गेलेत, कळप भाऊच नेतो. तो गेला तर मेंढरं विकायची, एवढाच त्या कागदाचा अर्थ होता.

निकाल अजून लागायचा होता. तेवढ्यात प्रकल्पाच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं, जीप आली, चहा झाला आणि भाऊ गेला. मी त्याच दिवशी माहेरी पोचले होते. वडील भिंतीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "मीच भेटतो सायबाला. म्हणतो, पोरगं गावात ऱ्हाऊ द्या."

"आबा, तुम्हाला कोण जवळ जाऊ देणार?"

"घोंगडं घिऊन जातो."

आमच्यात मोठ्या माणसाचा मान घोंगडं देऊन करतात. आणि आमच्या घरात अशी पक्की समजूत, की ज्याने घोंगडं खांद्यावर घेतलं तो देणाऱ्याचं मागणं मोडत नाही. भाऊबंदकीतली कितीतरी भांडणं वडिलांनी घोंगड्यावर बसून मिटवलेली मी पाहिली आहेत. घरात एक कोरं घोंगडं होतं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, गावच्या सनगराने विणलेलं, काळं कुळकुळीत. भावाच्या लग्नासाठी आईने ते जपून ठेवलं होतं. तिने ते पेटीतून काढलं, झटकलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मी मात्र अडवलं. "आबा, काळं नका नेऊ. आजकाल काळं दिसलं की पोलीस पिसाळतात."

"आगं, घोंगडं हाय त्ये. त्ये काय निशाण हाय व्हय?"

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोबत निघाले.

मांडवाच्या दारात झडती चालू होती. काळे रुमाल, काळ्या टोप्या, पोरांचे पायमोजेसुद्धा काढून घेऊन ढीग केला होता. आमच्या शेजारच्या चाची बांगड्या विकतात, त्यांना बुरखा बघून मागे हाकललं. त्या कार्यक्रमाला आल्याच नव्हत्या, बाजाराला निघाल्या होत्या. मला वाटलं, आता वडील परत फिरतील. ते म्हणाले, "दारातनं कशापायी जायाचं? आपली वाट हाय की." आणि मेंढरांच्या पायवाटेने वळसा घालून ते थेट डांबरी रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. जन्मभर ज्या वाटेने गेले, तीच वाट. लपूनछपून आत शिरतोय असं कुणाला वाटेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

गाड्या दिसल्या आणि त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडून भावाच्या सोबतच्या पोरांनी घोषणा दिल्या. कुणीतरी काळा रुमाल हलवला. पोलीस धावले. आणि अलीकडे माझ्या वडिलांनी घडी मोडून घोंगडं दोन्ही हातांवर घेतलं आणि मान देताना धरतात तसं डोक्याच्या वर धरलं. त्या गर्दीत त्याहून मोठं काळं काहीच नव्हतं.

पहिली काठी पाठीत बसली. ते ओरडत होते, "सत्कार हाय! आवं, सत्कार हाय!" कुणी ऐकत नव्हतं. घोंगडं खाली टाकलं असतं तर कदाचित सुटले असते, पण घोंगडं पायाखाली जाऊ द्यायचं नसतं. म्हणून ते हात खाली घेईनात आणि काठ्या हातावरच पडत राहिल्या. मी मधे पडले तर दोघी महिला पोलिसांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. मी शिव्या दिल्या, पाया पडले, दोन्ही केलं. कशाचाच उपयोग झाला नाही. गाड्या काचा वर करून निघून गेल्या.

ठाण्यात त्यांना भावाच्याच खोलीत बसवलं. मी दारात होते. भाऊ ताडकन उठला. "आबा? तुमी हितं कसं?"

वडील मनगट छातीशी धरून होते. म्हणाले, "तुला सोडवाय आलोय."

भावाला मी लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तो बिनसाखरेचा हवालदार दारात होता. मी विचारलं, "इतकी वर्षं आमच्या घरचा चहा पिता. हा माणूस काय करतो ते तुम्हाला माहीत नाही?" तो खाली बघून म्हणाला, "ताई, समदं म्हाईत हाय. वरनं आलंय." हे वर म्हणजे कुठे असतं, कुणाला विचारायचं, मला आजवर कळलेलं नाही.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं. वडिलांवर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला. घोंगडं जप्त झालं. पंचनाम्यात ते 'निषेधासाठी वापरलेले काळे कापड' आहे. वकील म्हणाले, "केस उभी राहीपर्यंत मिळणार नाही, भिजत घोंगडंच समजा." काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. आई हसली. त्या सगळ्या दिवसांत तेवढीच एकदा.

मग भावाच्या तडीपारीचा हुकूम निघाला. कारणांमध्ये एक नवं कारण होतं: याच्या चिथावणीवरून वडिलांनीही मंत्र्यांचा ताफा अडवण्याचा प्रयत्न केला. मी ते वाचून दाखवलं. वडिलांनी पुन्हा वाचायला लावलं. मला राग इतका आला की कागद फाडावासा वाटला, पण फाडून काय होणार, प्रत त्यांच्याकडे आहेच. ज्या मानासाठी ते हात वर करून मार खात राहिले, त्यानेच पोरगं घराबाहेर गेलं. हे त्यांनाही कळलं. भाऊ आता सीमेपलीकडे कर्नाटकात एका मावसभावाकडे विटा वाहतो. आई फोनवर त्याला फक्त जेवलास का विचारते.

दिवाळी झाली. मेंढरं विकायला वडील तयार होईनात. वाकडं जुळलेलं मनगट घेऊन आईसोबत पाटणच्या वाटेला लागायचं त्यांनी ठरवलं. निघायच्या सकाळी मी गेले होते. खांद्यावर बाजारातली लाल चादर घेऊन ते उंबऱ्यात थांबले आणि झडतीला उभे राहावं तसे दोन्ही हात पसरून मला म्हणाले, "बघ गं पोरी, अंगावर काळं काय न्हाई न्हवं?"

आई म्हणाली, "क्यास पांढरं झालं ते लय बरं झालं."

"नाही आबा," मी म्हणाले, "काळं काही नाही."

ते अंगणात उतरले. वाडग्याचं दार उघडलं तशी मेंढरं एकमेकांना रेटत बाहेर आली. आमची सगळी मेंढरं काळी आहेत. वडील त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"रस्त्यात कुणाच्या गाड्या आल्या, तर ह्यास्नी कुठं लपवू गं?"