न सुटलेलं लॉक

साताऱ्याहून सांगलीला नोकरीला आले त्या वर्षी मिरज रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. तो लिहिणारा केव्हाच परदेशी निघून गेला होता. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

त्या दुपारी मालकांना पडद्यावरची नावं मराठीत हवी होती, म्हणून मी गेले. पडद्यावर चारही खोल्यांचं तापमान होतं, कोपऱ्यात घड्याळ चालू होतं. समोर दोन नंबरच्या खोलीचं दार सताड उघडं. हमाल बॉक्स आत नेत होते, उन्हाची झळ सरळ आत जात होती. पडद्यावर मात्र दोन नंबरचा आकडा होता तिथेच. मी बघत बसले. एकाही खोलीचा आकडा दशांशानेही हलत नव्हता. सेकंद तेवढे पुढे सरकत होते.

"हे कधीपासून असं आहे?" मी मालकांना विचारलं.

"असं म्हंजे? झकास चाललंय की. सकाळधरनं एकदा बी वरडलं न्हाई."

मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला, उजळला, आणि भोंगा वाजायला लागला. लाल अक्षरं आली: खोली तीन, आतून घंटा.

आत कुणी अडकलं तर दाबायला प्रत्येक दाराशी एक बटण होतं. तीन नंबरचं दार बंद होतं. दिव्याचा खटका बाहेर होता, तोही बंद.

"तितं कोन असनार?" मालक म्हणाले.

भोंगा थांबेना. म्हणजे आत्ता, त्या अंधारात, कुणीतरी बटण दाबत होतं.

आम्ही धावलो. दोन हमालांनी जोर लावून दार ओढलं. आत तिथला ऑपरेटर होता, जतकडचा, चाळिशीचा माणूस. अंगावर पोती गुंडाळून भिंतीला चिकटून उभा. आतली कडी गंजून अडकली होती. दार उघडलं तरी त्याचा अंगठा बटणावरून निघेना; मालकांनी हाताला धरून त्याला बाहेर आणलं.

उन्हात बसवून चहा पाजला तेव्हा कुठे तो बोलला. "दार लागलं, मग कुनीतरी लाईट घालवली. लय वरडलो ओ ताई. बटन दाबतच ऱ्हायलो. मला वाटलं, भाईर आता कुनी उरलंच न्हाई."

मग मी कोड उघडला. प्रत्येक खोलीला एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालत राहणारं काम. तापमान आणि घंटा दोन्ही आणायला सगळ्यांना मिळून वायर एकच, म्हणून ज्याला ती हवी त्याने आधी लॉक, म्हणजे वायरचा तात्पुरता ताबा, घ्यायचं आणि काम झालं की सोडायचं. एक नंबरच्या खोलीच्या सेन्सरने सकाळी काहीतरी वेडंवाकडं पाठवलं. तिच्या थ्रेडने लॉक घेतलेलं होतं. चूक दिसताच तो फंक्शनच्या, म्हणजे त्या कामाच्या कोडच्या, मधूनच बाहेर पडला आणि संपला. लॉक सोडायची ओळ खाली न चालताच राहिली. बाकीचे सगळे थ्रेड सकाळपासून त्याची वाट बघत थांबले होते, आणि तो आता नव्हताच. पडदा जुनेच आकडे पुन्हा पुन्हा रंगवत होता.

मी लॉकसाठी छोटा क्लास, म्हणजे ऑब्जेक्टने कसं वागायचं याचा साचा, लिहिला. फंक्शनमध्ये शिरलं की त्याचं ऑब्जेक्ट तयार होऊन लॉक घेणार; तिथून नीट बाहेर पडा की चुकून मधूनच, ऑब्जेक्ट नष्ट होणार आणि लॉक आपोआप सुटणार. सेन्सरची वायर मुद्दाम उपटून पाहिली. बाकीचे आकडे हलत राहिले.

ऑपरेटर मात्र आत जायला तयार होईना. मालकांनी कॉम्प्युटरला वगळून दाराबाहेर थेट तारेवरची घंटा बसवली, आतली कडीही बदलली, तरी नाही.

"ताई, तुमी जावा की आत. मी भाईर हुबा ऱ्हातो."

मी गेले. दार लागलं. मग दिवा गेला. तो त्यानेच घालवला असणार. मी बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. त्या जाड भिंतीतून घंटा आत ऐकू येत नव्हती, आणि ती वाजतेय की नाही हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. मी दाबून धरलं. कडी हाताशी होती, पण अंधारात बटण सोडायचं धाडस होईना.

दार उघडलं. तो उजेडात कडी धरून उभा होता, बटणावरच्या माझ्या हाताकडे बघत.

"वाजतीया," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला.